मगदूम सरांसाठी घेतलेला चार्जर

मगदूम सरांनी आयुष्यात कधी भिकार वस्तू विकत घेतली नाही आणि कुणाला चांगला शब्द फुकट दिला नाही. कसबा बावड्याकडच्या आमच्या हायस्कूलमध्ये ते एकतीस वर्षं विज्ञान शिकवत होते. त्यातली शेवटची सोळा वर्षं मी स्टाफरूममध्ये त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसून मराठीच्या वह्या तपासल्या. ती खुर्ची मी निवडली नव्हती. मी रुजू झाले तेव्हा तेवढी एकच रिकामी होती, आणि ती का रिकामी आहे हे मला आठवड्याभरात कळलं.

सर उंच, वाळके, नेहमी पांढऱ्या शर्टात. खिशाला पेन आणि पेनाशेजारी टेस्टर. पेन एखादे दिवशी घरी राहायचं, टेस्टर कधी नाही. मूळचे शिरोळकडचे, जैन शेतकरी घरातले. भाऊ ऊस लावायचे आणि हे पोरांना वळण लावायचे. घरचे नियम कडक पाळायचे. दिवस मावळायच्या आत जेवण म्हणजे जेवण, मग जग इकडचं तिकडे होवो. वर्गात मुंग्यांची रांग दिसली तर ती जाईपर्यंत अख्ख्या बाकाला पाय वर घेऊन बसवायचे. मुंगी मरता कामा नये. माणसांच्या बाबतीत त्यांचा असा काही नियम नव्हता.

आमच्याकडे कुणी निवृत्त झालं की वर्गणी काढून भेटवस्तू द्यायची पद्धत आहे. ती आणायचं काम कायम सरांकडे, कारण खरेदीत त्यांना कुणी फसवू शकत नव्हतं. पण सर नुसती चांगली वस्तू आणायचे नाहीत. माणसाचं जिथं दुखतं, नेमकं तिथं बसेल अशी आणायचे. "भेट आशी पायजे, मानसाला रोज एकदा तरी टोचली पायजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. परीक्षेच्या हॉलमध्ये डुलक्या काढणाऱ्या घाटगे सरांना त्यांनी गजराचं घड्याळ आणलं आणि माइकवरून वाजवून दाखवलं. घाटगे सर हसले. हसण्यावाचून काय करणार, सगळा हॉल हसत होता.

शाळेची घंटा देणारे बाबूमामा एका कानानं बहिरे होते. त्यांना सरांनी मोठ्या आवाजाचा रेडिओ आणला. ही एकच भेट सरांची फसली, कारण मामांना ती मनापासून आवडली. ते गल्लीभर रेडिओ लावून बसायला लागले आणि शाळेवरून जाताना आत येऊन "मगदूम सरानं दिलाय" असं सगळ्यांना दाखवायला लागले. सरांचं तोंड तेव्हा बघण्यासारखं व्हायचं.

माझी पाळी निवृत्तीच्या आधीच आली. चार वर्षांपूर्वी मी बाजारातल्या एका गाड्यावरून दोन पोर्टचा चार्जर घेतला होता. माझा आणि लेकीचा मोबाईल एकदम लागेल, एवढाच माझा विचार. हातात घेतला तर चांगला वजनदार लागला, म्हणून घेतला. एके दिवशी तो स्टाफरूममध्ये लावला होता. सर वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी मान वर करून दोनदा हुंगलं, उठले, रुमालानं धरून चार्जर उपटला आणि तळहातावर तोलला. मला काही न बोलता तो घेऊन नववीच्या वर्गात गेले. तिथं पेचकस लावून उघडला तर आतून लोखंडाचा चपटा तुकडा निघाला.

"वजन लागावं म्हणून बसवलाय," सरांनी पोरांना सांगितलं. "काम काय करत न्हाय, नुस्ता जड. आशी मानसंबी आस्त्यात. चार्जर कुणाचा हाय, तर जाधव मॅडमचा."

त्या वर्षी नववीची पोरं माझ्या पाठीमागं मला 'लोखंड' म्हणत. हे मला माझ्या लेकीनं सांगितलं, ती आमच्याच शाळेत सातवीत होती.

दुसऱ्या दिवशी मात्र माझ्या टेबलावर नवा चार्जर होता. आभार मानले तर म्हणाले, तुमच्यासाठी आणला नाही, शाळेची वायरिंग जळेल म्हणून आणला. मग मधल्या सुट्टीत मला समोर बसवून, मी नववीत असल्यासारखं, त्यांनी चार्जर कसा निवडायचा ते शिकवलं. आधी तो उलटा करायचा आणि तळाची बारीक अक्षरं वाचायची. मानकाचा शिक्का आणि नोंदणीचा नंबर नसेल तर पुढं बोलायचंच नाही. पिना अंगठ्यानं हलवून बघायच्या. मग दुकानातच दोन्ही पोर्टना दोन मोबाईल लावायचे आणि दहा मिनिटं गप्प उभं राहायचं. दुकानदार कितीही घाई करो, दहा मिनिटांच्या आत निकाल द्यायचा नाही. त्यानंतर उलटा हात लावून बघायचा. तळहाताला गरमी फसवते, उलट्या हाताला फसवत नाही, असं ते म्हणाले.

"आनि एक. डब्यावर दोघांच्या वॅटची बेरीज लिवत्यात, वाटणी लिवत न्हाईत. दुसरं लावलं की पयल्याचं निम्मं जातंय आनि दोन्ही उपाशी ऱ्हात्यात. दोन्ही लावून बगितल्याबिगर डबल घ्यायचा न्हाय."

इतकं नीट मला बी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं, हे मी नाकबूल करणार नाही.

आता देसाई मॅडमचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून आलं. देसाई मॅडमनी मला या शाळेत उभं केलं. माझ्या बाळंतपणाच्या रजेत माझे सगळे तास त्यांनी कुरकूर न करता घेतले, आणि मी परत आले तेव्हा वह्या तपासून ठेवलेल्या होत्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या तेव्हा सरांनी सहा कपांचा सेट आणला. उत्तम चिनीमाती, नखानं टिचकी मारली की नाद यायचा. माइक हातात घेऊन सर म्हणाले, "घरात दोघंच हाईत. ऱ्हायल्याल्या चार कपांना शेजारची पोरं बोलवा."

हॉल हसला. मीही हसले. चांगली मोठ्यानं हसले, पदर तोंडाला लावून. देसाई मॅडम खुर्चीत ताठ बसून होत्या आणि त्यांनी हसणाऱ्यांकडे एकदा सावकाश नजर फिरवली. ती माझ्यावर आली तेव्हा माझा पदर तोंडालाच होता. कपांचा खोका त्यांनी घरी नेलाच नाही, स्टाफरूमच्या कपाटात ठेवून गेल्या. पुढं आम्ही त्याच कपांतून चहा प्यायलो. मॅडम यजमानांसह मिरजेला बहिणीच्या शेजारी राहायला गेल्या. फोन करायचा म्हणून मी कितीदा नंबर काढला असेल, पण केला नाही.

सरांच्या घरी सुशीला वहिनी होत्या. गोऱ्या, बुटक्या, बोलायला भित्र्या. स्नेहसंमेलनाला सरांच्या स्कूटरवर मागे बसून यायच्या आणि बायकांच्या शेवटच्या रांगेत बसायच्या. सर त्यांच्यासमोरच आम्हाला सांगायचे, आमची मंडळी सातवी पास, मोबाईल दिला तर उलटा धरील. वहिनी खाली बघून हसायच्या. आठ वर्षांपूर्वी त्या सुनेच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेल्या. मुलानं त्यांना मोबाईल घेऊन दिला आणि सुनेनं त्यात बोलून निरोप पाठवायला शिकवलं. वहिनी रोज सरांना निरोप पाठवायला लागल्या. पुणं लांब, म्हणून ओरडून बोलायच्या.

सर ते निरोप मधल्या सुट्टीत, आवाज मोठा करून, स्टाफरूममध्ये लावायचे. "जेवलासा का? गोळी घेतलासा का? दिवस मावळायच्या आत जेवा. फडताळात खालच्या डब्यात मेतकूट हाय. मला हितं करमत न्हाय." इथं सर बोट वर करायचे आणि म्हणायचे, आता रडायचं बटन दाबत्यात बघा. आणि खरंच, पुढं नाक ओढल्याचा आवाज यायचा. आम्ही सगळे हसायचो. हे दोन-तीन महिने चाललं. पोरांच्या डब्याच्या सुट्टीसारखी ती आमची रोजची करमणूक झाली होती.

वहिनींना हे कुणी सांगितलं याची नंतर स्टाफरूममध्ये बरीच चर्चा झाली. मी सांगितलं होतं.

वहिनी नात्यातल्या एका लग्नाला म्हणून चार दिवस कोल्हापूरला आल्या होत्या. मंडईत भेटल्या. सर शाळेत वेळेवर डबा खातात का, असं त्यांनी विचारलं, आणि मी सगळं सांगून टाकलं. काळजीपोटी सांगितलं असं मी स्वतःला पुष्कळ दिवस बजावलं. ते खोटं आहे. माझ्या डोक्यात देसाई मॅडमचे कप होते, आणि सरांना टोचेल अशी एक तरी गोष्ट मला करायची होती. वहिनी कोथिंबिरीची जुडी पिशवीत खाली दाबत ऐकत होत्या.

"सगळ्यांनी ऐकलं?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"रडल्यालंबी?"

मी पुन्हा हो म्हटलं. त्यांनी पिशवी उचलली आणि येतो म्हणून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी पुण्याची गाडी धरली, ती कायमची. निरोप बंद झाले. सरांना विचारलं की म्हणायचे, सुनेचं बाळंतपण हाय. नातू बालवाडीत गेला, पहिलीत गेला, दुसरीत गेला, तरी सरांच्या सुनेचं बाळंतपण चालूच होतं. त्यांच्यासमोर कुणी हसायचं नाही. पाठीमागं मात्र हसायचो.

गेल्या वर्षी सर निवृत्त व्हायला आले. भेट कुणी आणायची असं हेडसरांनी विचारलं, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कारण मी समोर बसणारी. मी म्हटलं, माझ्यावर सोडा. काय आणायचं हे मला त्याच क्षणी सुचलं होतं. तुम्ही म्हणाल, त्यात विचार करण्यासारखं काय होतं, एक चार्जर तर होता. मी तीन संध्याकाळी घालवल्या. शाहूपुरीत दोन दुकानं बघितली, मग राजारामपुरीत गेले. उलटा करून अक्षरं वाचली, अंगठ्यानं पिना हलवल्या. दोन पोर्टचा, लहान, मुठीत मावेल एवढा हवा होता, आणि दोन्ही लावले तरी दोघांना पुरेसं देणारा हवा होता. सगळ्या दुकानांत माझा मोबाईल आणि दुकानदाराचा मोबाईल एकदम लावून मी दहा-दहा मिनिटं उभी राहिले. राजारामपुरीतला दुकानदार शेवटी वैतागला.

"मॅडम, घरात मोबाईल किती हाईत?"

मी म्हटलं, एकच.

"आवो मग सिंगल न्या की. सुटसुटीत पडंल. दुसरं रिकामंच ऱ्हाणार."

मी उलटा हात लावून बघितला. कोमट होता, जास्त नाही. म्हटलं, दोनचाच द्या.

समारंभ शाळेच्या हॉलमध्ये झाला. माजी विद्यार्थी आले होते, पाहुणे उशिरा आले. माझ्यावर भेट द्यायची आणि चार शब्द बोलायची वेळ आली. मी म्हटलं की सरांनीच मला चार्जर निवडायला शिकवलं, म्हणून त्यांच्याच कसोट्या लावून ही भेट आणली आहे. याला दोन पोर्ट आहेत, एक सरांच्या मोबाईलला आणि एक वहिनींच्या. आणि लहान आहे, पिशवीत मावतो, पुण्याला जाताना नेता येईल.

मागच्या रांगेत कुणीतरी फसकन हसलं. मग आणखी दोघं-तिघं. मग हसू पुढं सरकत आलं. देसाई मॅडमच्या वेळेइतकं मोठं नव्हतं, पण होतं. मी हसले नाही. मला हसणं ऐकायचं होतं.

सरांनी भेट व्यासपीठावरच उघडली. तसं कुणी करत नाही. चष्मा लावला, चार्जर उलटा केला आणि बारीक अक्षरं वाचली. पिना अंगठ्यानं हलवल्या. माइक त्यांच्या तोंडाजवळ होता, त्यामुळं पुढचं सगळ्यांना ऐकू गेलं.

"दोन्ही लावून बगितलासा?"

"हो सर."

"धा मिनिटं?"

"हो."

"मग बरोबर हाय," ते म्हणाले, आणि खाली बसले.

दुसऱ्यांच्या समारंभात माइक न सोडणारा माणूस स्वतःच्या समारंभात उत्तरादाखल एक शब्द बोलला नाही. पाहुण्यांचं भाषण लांबलं, जेवणाची ताटं लागेपर्यंत बाहेर अंधारून आलं होतं. सर दिवस मावळल्यावर जेवत नाहीत हे शाळेत शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी कुणालाच आठवलं नाही. शाल एका हातावर, नारळ आणि चार्जर पिशवीत, असे ते उपाशीच स्कूटरवर बसून गेले. मला वाटलं होतं मला फार बरं वाटेल. जेवणात बासुंदी होती, ती मी दोनदा घेतली.

त्यानंतर चार महिन्यांनी पेन्शनच्या एका कागदावर त्यांची सही राहिली म्हणून हेडक्लार्कनी तो माझ्याकडे दिला. साखर कारखान्याच्या रस्त्याला नव्या कॉलनीत सरांचं घर, माझ्या वाटेवरच. सरांनी दार उघडलं, बसा म्हणाले आणि स्वतः चहा ठेवायला आत गेले. बाहेरची खोली लख्ख होती. खिडकीजवळच्या बोर्डात मी आणलेला चार्जर होता. त्याच्या एका वायरीला सरांचा मोबाईल लावलेला होता. दुसऱ्या पोर्टलाही वायर होती, आणि तिचं मोकळं टोक टेबलावर घडी घातलेल्या रुमालावर ठेवलेलं होतं.

सर चहा घेऊन आले. माझी नजर कुठं होती ते त्यांनी बघितलं.

"वापरलं न्हाय तर सैल पडतंय," ते म्हणाले. "म्हणून सकाळी वरल्याला लावतो, सांजचं खालच्याला."

मी कागद पुढं केला. त्यांनी तो पूर्ण वाचला, एक चूक काढली आणि सही केली. मग टोपण लावता लावता म्हणाले, "मंडळी आलत्या गेल्या म्हैन्यात. बँकेत त्यांची सही पायजे हुती. दोन तास बसल्या. जाताना बगतोय तर त्यांच्या मोबाईलात आठच टक्के. मी वायर पुढं केली." ते थोडं थांबले. "म्हनल्या, ऱ्हाऊ दे. आठ टक्क्यात पुन्यात पोचतो मी."

स्टाफरूममध्ये किस्सा सांगताना ते जिथं थांबायचे, तिथंच आत्ताही थांबले. तिथं आम्ही हसत असू. मी हसले नाही.

"पोचल्या का?" मी विचारलं.

"काय ठावं. फोन बंद लागत हुता."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. सरांनी चहाची बशी सरळ केली.

"त्यास्नी शाळेतल्याच कुणीतरी सांगितलं," ते म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते. "कोन का असंना. सांगितलं ते खोटं न्हवतं."

त्या वेळी बोलायला हवं होतं. सोळा वर्षं समोर बसलेल्या माणसाला एवढं एक वाक्य मी देणं लागत होते, आणि त्यांनी दार अर्धं उघडूनही दिलं होतं. मी चहा संपवला. चांगला झालाय, म्हटलं.

"सिंगलच आणायचा हुता मॅडम," सर म्हणाले. "दुकानदार म्हनला नसंल?"

खोटं बोलले असते तर चाललं असतं. "म्हणाला होता," मी म्हटलं.

सरांनी मान हलवली. गणित बरोबर आलेल्या पोराकडे बघून हलवायचे तशी. "मग दुकानदार चांगला हुता," ते म्हणाले आणि कप उचलून आत गेले.

मी निघाले. ऊन उतरलं होतं, त्यांच्या जेवणाची वेळ झाली होती. फाटकाबाहेर गाडीची किल्ली शोधताना सहज मागे बघितलं. खिडकीत सर उभे होते. त्यांनी मोबाईल वरच्या वायरीतून काढला, रुमालावरची वायर उचलली आणि तिला लावला. पडद्यावर उजेड आला तो लांबूनही दिसला. मग ते उलटा हात चार्जरला टेकवून तसेच उभे राहिले. दहा मिनिटं थांबायचं असतं. मी गाडी चालू केली.